उजव्या हातावरची वार

राब भाजायची एक रीत आहे, ती आमच्या वाडीत कोणालाही विचारा. वारा ज्या अंगानं येतो त्या अंगाला काडी लावायची नाही. उलट्या अंगाला लावायची, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकते, पाला आणि शेण नीट जळतं आणि भाताचं रोप टाकायला जमीन भाजून तयार होते. माझ्या थोरल्या दिरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना त्या दिवशी गावकीच्या बैठकीला जायची घाई होती. हळू जळणारा राब संपेपर्यंत कोण थांबणार? त्यांनी वाऱ्याच्या अंगानं काडी लावली. दुसऱ्या टोकाला ओली डहाळी घेऊन मी बांध राखत उभी होते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सहा महिने सगळ्यांनी मला एकच विचारलं, तुझ्या हाताला काय लावलं होतं? हात भाजला कसा, हे कोणी विचारलं नाही.

आज माझी पाचही बोटं मिटतात. मी दळते, कांडते, आणि आता लिहितेही आहे. ज्यांचं अंग भाजलं आहे आणि जे दवाखान्याच्या पायरीला भितात त्यांना धीर यावा म्हणून हे लिहायला घेतलं. थोडं माझ्या रागासाठीही घेतलं, ते लपवत नाही. वडील महाडात शाळेवर शिपाई होते म्हणून मी चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन पोलादपूर तालुक्यात कापडे गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत आले, तेव्हा सुटलेली लेखणी आता पुन्हा हातात धरली आहे.

नऊ दिवस

आगीचा लोट आला तसा माझा पदर पेटला. मी तो उजव्या हातानं चोळून विझवला. पदर विझला, पण कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात गेला. पहिल्यांदा काही दुखलं नाही. मी हाताकडं बघत होते आणि तो दुसऱ्या कोणाचा असावा असं वाटत होतं.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाय म्हणते, त्या वाडीच्या सुईण. अर्धी वाडी त्यांच्या हातांत जन्मली आहे. त्या लंगडत पुढं आल्या आणि हात घागरीतल्या पाण्यात घालायला लागल्या. दिरांनी घागर बाजूला ओढली.

"पानी नको लावू, फोड येतील. शेन थाप. शेन आग ओढून घेतो."

घरात शब्द दिरांचा. माझे यजमान मुंबईला गिरणीत, वर्षातून दोनदा येणार. तेव्हा शेण थापलं गेलं. एकदा नाही, रोज. नवव्या दिवशी हाताला वास यायला लागला आणि अंगात ताप भरला, तेव्हा जाऊबाईंनी माझं अंथरूण पडवीत टाकलं. दीर म्हणाले, "अजून दोन दिस बघू."

आत्याबायच पुढं झाल्या. त्यांचे गुडघे धरलेले, चार घरांपलीकडं चालवत नाही. तरी त्या म्हणाल्या, "तिला महाडला न्या. नायतर मी न्हेते चालत." म्हातारी खरंच निघेल या लाजेनं दिरांनी डोली केली. पोलादपूरपर्यंत डोली आणि पुढं मोटार. मोटारीत माझ्या शेजारी कोणी बसेना, इतका वास येत होता.

मी तिथंच होते

महाडला एक धर्मार्थ दवाखाना होता. नाव लिहीत नाही. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, बोलणं पुणेरी, कपडे परीटघडीचे. त्यांनी शेण धुवून काढलं, बराच वेळ हात बघितला आणि माझ्या डोक्यावरून दिरांशी बोलायला लागले.

"हात कदाचित काढावा लागेल. राहिला तरी बोटं एकमेकांना चिकटतील. मूठ वळेल याची खात्री नाही."

दिरांनी विचारलं, "मग लावणीला?"

मी दोघांच्या मध्ये खाटेवर बसले होते. डॉक्टर बोलतात दिरांशी, दीर विचारतात लावणीचं, आणि हात माझा. मला रडू यायला हवं होतं, पण इतका संताप आला की रडू आतच राहिलं. मी म्हटलं, "हात माझा हाय. काय सांगायचं ते मला सांगा." डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघितलं. दिरांनी तर त्याआधी माझा आवाजच ऐकला नव्हता, थोरल्या दिरांशी आमच्यात बोलत नाहीत.

सकाळची बादली

बायकांच्या खोलीत सहा खाटा. सकाळी बाहेर बादलीचा आवाज झाला की मी तोंड भिंतीकडं करी, कारण त्या बादलीमागून ड्रेसिंग येई. कोमट मिठाच्या पाण्यात हात भिजवायचा आणि चिकटलेली पट्टी ओढून काढायची. पट्टीबरोबर जे थोडं नवं आलेलं असे तेही निघून येई. रोज भरायचं आणि रोज ओरबाडायचं. मी दात आवळून गप्प बसायचा प्रयत्न करी आणि एकही दिवस जमलं नाही.

आमची आया महाडचीच होती, वयानं मोठी, सगळ्या तिला मावशी म्हणत. पट्टी काढताना ती माझी मान स्वतःच्या खांद्यावर घेई आणि म्हणे, "वरड गो, वरड. हितं कोन सासरा बसलाय?" ते एवढंसं वाक्य मला औषधापेक्षा जास्त पुरलं. भाजलेल्या माणसाला गप्प बस म्हणू नका.

यजमानांचं पत्र आलं, दुसऱ्या कोणाच्या अक्षरात. प्रकृतीस जपणे, दादा सांगतील तसे वागणे. दादा म्हणजे तेच, ज्यांनी वाऱ्याच्या अंगानं काडी लावली. पत्र मी डाव्या हातानं चुरगाळलं आणि मग पुन्हा सरळ करून उशीखाली ठेवलं.

नवी पट्टी

दहा-बारा दिवसांनी हातावरचा पू हटला. एके दिवशी दुपारी डॉक्टर स्वतः एक पांढरा वाडगा घेऊन आले. त्यातून त्यांनी चिमट्यानं एक ओला, पातळ पडदा उचलला. इतका पातळ की त्यातून त्यांची बोटं दिसत होती. तो त्यांनी माझ्या उघड्या मांसावर पसरला, खालचे बुडबुडे कापसानं हळूच बाहेर काढले आणि कडा सारख्या केल्या. कोपरापासून बोटांपर्यंत चार तुकडे लागले. बोटांमध्ये वेगवेगळे बसवले आणि हात फळीवर ताणून बांधला.

"काय हाय हे?"

"नवी पट्टी आहे. ही ओढून काढायची नाही."

तासाभरात आग थांबली. हे मी वाढवून सांगत नाही. इतके दिवस चोवीस तास जळणारा हात थंड पडला आणि मी भरदुपारी झोपले. पुढचे दिवस बादलीचा आवाज आला तरी तो माझ्यासाठी नव्हता. पडदा सुकून कांद्याच्या सालीसारखा झाला, आणि कडेला जिथं तो उचलला होता तिथं खाली गुलाबी कातडी दिसायला लागली. डॉक्टर रोज वाकून बघायचे आणि त्यांचा चेहरा खुलायचा. त्या दिवसांत मी त्यांना मनातल्या मनात देव केलं होतं. ते किती दिवस टिकलं ते सांगते.

ती आली तेव्हा

आमच्या खोलीच्या टोकाला पडद्यामागं एक बाळंतीण होती. दोन दिवस अडली होती म्हणून तिला डोलीतून आणली होती. डॉक्टरांनी गुंगी देऊन, चिमटा लावून मूल काढलं. मुलगी. दोघी वाचल्या. तिला उठायची परवानगी मिळाली त्या दिवशी ती भिंत धरत धरत माझ्या खाटेपाशी आली. बोलली नाही. माझ्या हाताकडं बघत उभी राहिली.

मला वाटलं, भाजलेला हात बघून घाबरली असेल. मी म्हटलं, "आता बरा हाय."

ती म्हणाली, "माजी वार हाय ती. तुज्या हातावर."

मला समजलंच नाही. तिनं सांगितलं ते असं. शुद्धीवर आल्यावर तिनं मावशीला पहिली गोष्ट विचारली, वार कुठं पुरली? मावशी टाळाटाळ करायची. चार दिवसांनी बोलली. पोर ज्या पाण्याच्या पिशवीत वाढतं तिचा आतला पडदा वारेबरोबर पडतो. तो डॉक्टरांनी धुवून ठेवला होता आणि त्याच दुपारी माझ्या हातावर लावला होता. बाकीची वार दवाखान्याच्या मागं भट्टीत गेली.

आमच्या भागात वार अशी कुठं टाकत नाहीत. खोल खड्डा काढून पुरतात, वर दगड ठेवतात, कुत्र्यामांजराच्या तोंडी लागू देत नाहीत. ती नीट पुरली नाही तर पोर अंग धरत नाही असं सगळ्याच बाया मानतात. आणि हिची पोरगी छातीला तोंडच लावत नव्हती. चिमट्यानं ओढलेल्या पोराचा जबडा दुखत असेल, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला तेही सुचलं नाही. मी तिच्या पोराचं काही तरी अंगावर घालून, थंडगार होऊन झोपा काढत होते, आणि ते मला माहीत नव्हतं आणि तिलाही.

मी म्हटलं, "काढून देऊ?" आणि डाव्या हातानं कड धरलीसुद्धा.

तिनं माझा हात धरला. "नको गो. तुजा हात जाईल. आपसूक सुटला की दे. पुरायचा हाय."

माझ्या आयुष्यात इतकं शहाणं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं.

व्हरांडा

त्याच दिवशी महाडचा बाजार. दीर भाकरी घेऊन आले आणि व्हरांड्यात त्यांच्या कानावर सगळं गेलं. खिडकी माझ्या खाटेला लागून होती.

दीर गरजले, "कुनाची लावलीत? कुठल्या बाईची?"

डॉक्टर म्हणाले, "शरीराला जात नसते. हात वाचतो आहे, ते बघा."

"जात नसंल तुमच्या पुस्तकात. घरात आमच्या चूल हाय, देव हायत."

डॉक्टर आत आले तेव्हा मी विचारलं, "मला का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"आणि तिला?"

"ती शुद्धीत नव्हती."

"नंतर तरी? चार दिवस ती विचारत होती."

ते म्हणाले, "तुम्हा लोकांना समजावत बसलो असतो तर तुमचा हात गेला असता, बाई."

ह्या वाक्यात खरं किती आणि उद्धटपणा किती, ह्याचा हिशेब मी अजून करते आहे. हात त्यांनी वाचवला. जन्मभर उपकार मानीन. पण मी नको म्हटलं असतं हे त्यांनी कशावरून ठरवलं? हात सडत होता तो माझा. मी त्यांना म्हटलं, "मला कळतं की नाही ते मला विचारून बघायचं होतं. तुम्ही आणि आमचे दीर सारखेच. दोघंही मला सोडून माझ्याबद्दल बोलता." डॉक्टर लालबुंद झाले आणि निघून गेले. मावशी तोंडावर पदर धरून उभी होती, हसत होती की रडत होती कोण जाणे.

फणसाखाली

पडदा आठ-दहा दिवसांत तुकड्यातुकड्यानं सुटला. एरवी आया तो बादलीत टाकत असत. मी एकही तुकडा बादलीत जाऊ दिला नाही. कुंकवाच्या रिकाम्या डबीत साठवला. अंगठ्याजवळचा शेवटचा तुकडा चिवट होता, त्याची मी रोज वाट बघे. तिचा नवरा तिला घरी न्यायला यायचा होता त्याच्या आदल्या सकाळी तो तुकडा सुटला.

दवाखान्याच्या मागं फणस होता. तिला जोर लावायचा नव्हता आणि माझा एकच हात चालत होता. मावशीनं पळीनं खड्डा काढला. बाळंतिणीनं डबी उघडून बघितली, मिटली, आणि पोरीच्या कपाळाला लावून खड्ड्यात ठेवली. वर दगड मी ठेवला. डॉक्टर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी सगळं होईपर्यंत बघितलं. पुढं मावशीचा निरोप आला होता, आता ते आधी विचारतात म्हणून. तेवढं श्रेय त्यांना देते.

त्या दिवसापर्यंत पोरगी बोळ्यानंच दूध घेत होती. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन बाळंतीण घरी गेली. तिचं नाव, गाव, घराणं मला ठाऊक आहे. इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की जात कळते, आणि वाचता वाचता तुम्ही जर एवढ्यात तेच शोधत असाल, तर तुम्ही आणि माझे दीर एका पाटावर बसा.

घरी

मी घरी आले त्या दिवशी आत्याबायनं माझा हात दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट करून बघितला, बोटं मिटवून बघितली. मग हळूच विचारलं, "कुनाची होती गो?"

माझ्या मनातून म्हातारी तिथंच उतरली. जिनं मला महाडला पाठवायला घर डोक्यावर घेतलं, तीसुद्धा जातच विचारते. मी हात ओढून घेतला.

गावकी बसली. वारेचा विटाळ दहा दिवसांत फिटतो, पण हा तर अंगात मुरलेला. आपल्यातल्या बाईची असली तर गोमूत्रानं भागेल, नसली तर पुढचं बघू. तेव्हा आधी कोणाची ते सांग. मी सांगितलं नाही. मग ठरलं की सांगेपर्यंत माझा उजवा हात चुलीला, घागरीला आणि देवाला लागायचा नाही.

आणि लावणीला? लावणीला लागायचा. डॉक्टरांनी महिनाभर चिखलपाणी नको म्हणून बजावलं होतं, दुसऱ्या आठवड्यात मी कोपरापर्यंत चिखलात होते. नव्या कातडीला भेगा पडल्या. लावणी ह्या हातानं केली, तण काढून बेणणी केली, कापणी केली, झोडलं, कांडलं. तो तांदूळ शिजला की माझं ताट दारापाशी सरकवलं जायचं. भात लावायला हात चालत होता आणि वाढायला चालत नव्हता. नवरात्रात सगळ्या बाया देवापुढं आणि मी अंगणात. आत्याबाय सगळं बघत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. त्यांच्यावरचा राग दिरांवरच्या रागाहून मोठा होता, कारण त्यांच्याकडून माझी अपेक्षा होती. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

पोर जगला काय

झोडणी झाल्यावर एक दिवस खळ्यात आम्ही दोघीच होतो. त्यांनी पुन्हा विचारलं, "कुनाची होती, सांग ना गो."

माझा बांध फुटला. "जात कळली की जेवाल काय माझ्या हातचं? नाय सांगायची. मेले तरी नाय."

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. "जात कोन विचारतो? माज्या ह्या हातांना किती बायांची वार लागली, त्याच हातांनी मी तुज्या दिराला भरवला. वार पुरली नाय म्हनून ऐकला. पोर जगला काय, तेवढा सांग. सहा म्हैने झाला, मला झोप नाय."

हातातलं सूप मी खाली ठेवलं. सहा महिने मी माझ्या हाताचं भांडण भांडत होते. डॉक्टरांनी तिला विचारलं नाही, दिरांनी मला विचारलं नाही, म्हणून जळत होते. आणि त्या पोरीचं काय झालं, हे मी स्वतः एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. मी त्यांना फणसाखालची हकिकत सांगितली. जगली की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. तसं सांगताना माझी मला शरम वाटली.

"मग गावकीत का बोलला नाय?" मी विचारलं.

"बायकांना गावकीत कोन बसवतो?" त्या म्हणाल्या आणि काठी शोधायला लागल्या.

त्यांच्या तसल्या गुडघ्यांवर आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या गावाला निघालो. किती वेळा बसलो ते मोजलं नाही. पोरीची आई अंगणात भात वाळवत होती आणि पोरगी गोणपाटावर बसलेली. बसलेली, टेकू न घेता. आत्याबायनं पोरगी उचलली, टाळू चाचपली, बेंबी बघितली, हिरडीवरून बोट फिरवलं, आणि मग तिला छातीशी धरून रडल्या. पोरीनं माझं उजवं मनगट पकडलं आणि सोडेना. तिच्या आईनं तांब्याभर पाणी आणलं. आत्याबाय ते सगळं प्यायल्या आणि तांब्या परत देताना म्हणाल्या, "दात येतायत गो, जप."

घरी पोचलो तेव्हा सगळे जेवायला बसले होते. दिरांनी विचारलं, "कुठं गेलेलात?"

"माज्या कामाला," आत्याबाय म्हणाल्या. जाऊबाई त्यांना वाढायला उठल्या. म्हातारीनं त्यांना हातानं खाली बसवलं, स्वतःचं ताट ओढून दारापाशी माझ्यासमोर आणून ठेवलं, आणि भाताचा टोप माझ्याकडं सरकवला.

"आई, गावकीनं काय ठरवलाय..." दीर बोलायला लागले.

"तू वाऱ्याच्या अंगानं काडी लावलीस, ता गावकीला सांगितलास काय?"

दिरांनी मान ताटात घातली. आत्याबाय माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "वाढ."

मी उजव्या हातानं वाढलं.